आधी पंप, मग इंजिन

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जुनी जेटबोट विकायला निघते तेव्हा जाहिरातीची पहिली ओळ बहुधा इंजिनाची असते. शेव्हरोलेचं ३५० घन इंची व्ही-एट आहे की एलएस मालिकेतलं नवं आहे, अश्वशक्ती किती, किती तास चाललं, कार्ब्युरेटर की इंजेक्शन. मग येतात बैठका, रंग, ट्रेलर. ज्या पंपाच्या जोरावर ही बोट पळते त्याचं नुसतं नाव आणि नंबर दिला की काम झालं. गिऱ्हाईकही त्याच क्रमाने बघतं. आधी इंजिनावरचं झाकण उघडायचं, आवाज ऐकायचा, तेलाची काडी ओढून बघायची, आणि बोलणी जवळजवळ ठरत आली की वाकून मागच्या नोझलमध्ये डोकवायचं. हा क्रम उलटा आहे. इंजिन कमी मोलाचं म्हणून नव्हे. पंपाची अवस्था माहीत नसेल तर इंजिन जे सांगतं त्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून.

याचं मूळ या बोटीच्या जन्मातच आहे. बिल हॅमिल्टन (१८९९–१९७८) हा दक्षिण बेटावरच्या मॅकेन्झी भागातला मेंढपाळीचा धंदा करणारा जमीनदार आणि हाडाचा यंत्रज्ञ. त्याच्या परिसरातल्या नद्या रुंद, गोट्यांनी भरलेल्या पात्रात अनेक धारांत फुटतात आणि पुढे पुन्हा एक होतात. रकाया, वाइमाकारिरी, रांगिटाटा, वाइताकी, सगळ्यांची तऱ्हा तीच. इतक्या उथळ पाण्यात पंख्याची बोट पहिल्याच वळणावर पंखा मोडून बसते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅमिल्टनने अमेरिकन हॅन्ली हायड्रोजेटची कल्पना उचलली. त्या यंत्रात पाण्याचा झोत तळाखाली सुटत असे. हॅमिल्टनच्या कारखान्यात तो झोत बोटीच्या मागच्या भिंतीतून, पाण्याच्या पातळीच्या वर सोडण्यात आला आणि बोट खऱ्या अर्थाने धावू लागली. १९६० मध्ये त्याच्या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यनमध्ये प्रवाहाच्या उलट दिशेने चढून गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरीने अशाच तीन बोटी घेऊन बंगालच्या उपसागरापासून गंगा चढायला घेतली आणि नंदप्रयागच्या आसपास एका धबधब्याने वाट अडवेपर्यंत मजल मारली. तळाखाली काहीच लोंबत नसल्यामुळे ही बोट वेगात असताना वीतभरही खोल नसलेल्या पाण्यावरून निघून जाते. पण तिथेच तिची दुखरी जागाही आहे. जिथे पाणी कमी तिथे वाळू आणि खडी जास्त, आणि पंप पाण्याबरोबर जे येईल ते ओढतो. ज्या गुणासाठी बोट घ्यायची, तोच गुण वापरताना पंप झिजत असतो.

यंत्र साधं आहे. तळाला लोखंडी सळ्यांची जाळी, तिच्यातून पाणी वर येतं. शाफ्टवर बसवलेला इंपेलर ते मागे ढकलतो, पुढची स्थिर पाती त्याचा पीळ काढतात आणि अरुंद नोझलमधून झोत सुटतो. नोझल डावी-उजवीकडे वळलं की बोट वळते. झोतावर वरून एक झडप, म्हणजे बकेट, उतरली की बोट मागे येते. बहुतेक नदीबोटींत गिअरबॉक्सच नसतो, इंजिन फिरलं की पंप फिरतो. या सगळ्यात कळीची जागा म्हणजे इंपेलरच्या पात्यांची टोकं आणि त्यांच्याभोवतीची स्टीलची कडी, म्हणजे वेअर रिंग, यांच्यातली फट. नव्या पंपात ती मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागते. वाळूने टोकं आणि रिंग दोन्ही झिजतात, फट वाढते आणि पुढे ढकललेलं पाणी टोकांवरून मागे गळतं. इंजिन तितकंच पेट्रोल पितं, बोट मात्र तितकी धावत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. पंख्याच्या बोटीत माणसं वाढली, वारा समोरून आला की इंजिनाचे फेरे बदलतात. जेट पंपात तसं फारसं होत नाही. बोटीत दोघे बसोत की पाच, प्रवाहाबरोबर जा की विरुद्ध, ठरावीक फेऱ्यांना पंप जवळजवळ ठरावीकच शक्ती शोषतो, आणि ती शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून उत्पादक प्रत्येक इंपेलरसाठी किती फेऱ्यांना किती शक्ती लागेल याचे आलेख देतात. याचा अर्थ असा, की पाण्यात उतरलेली जेटबोट ही स्वतःच इंजिनाची शक्ती मोजण्याचं यंत्र आहे. समजा, बसवलेल्या इंपेलरवर निरोगी इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ४,२०० फेरे द्यायला हवेत आणि प्रत्यक्षात ३,७८० मिळतात. ऐकायला फरक दहाच टक्क्यांचा. पण ०.९ चा घन येतो ०.७२९. म्हणजे इंजिन आपल्या शक्तीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग गमावून बसलं आहे. कुठल्याही गॅरेजमध्ये न जाता, पेट्रोलच्या खर्चात, इतकं स्पष्ट उत्तर मिळतं.

अट एकच, पंप निरोगी हवा. झिजलेला पंप कमी शक्ती शोषतो, त्यामुळे फेरे वाढतात. दमलेलं इंजिन फेरे खाली आणतं. दोन्ही दुखणी एकाच बोटीत असली तर काटा बरोबर ४,२०० वर येऊन उभा राहू शकतो. विकणाराही प्रामाणिकपणे सांगतो, बघा, फेरे पूर्ण मिळतात. जुन्या बोटीत ही जोडगोळी दुर्मीळ मुळीच नाही, कारण ज्याने वर्षानुवर्षं पंप उघडला नाही त्याने इंजिनाकडेही पाहिलेलं नसण्याची शक्यता जास्त. इंजिन आधी आणि पंप नंतर पाहणारा माणूस फसतो तो इथे. पंप आधी मोजला असता तर त्याच काट्याचा अर्थ त्याला वेगळा लागला असता.

पंप पाहायला मोठी हत्यारं लागत नाहीत. एक टॉर्च, फीलर गेजची पट्टी, एक चिंधी आणि ट्रेलरखाली आडवं व्हायची तयारी. इंजिन बंद, किल्ली आपल्या खिशात. हॅमिल्टनच्या पंपावर पाणी आत येण्याच्या वाटेवर एक झाकण असतं. प्रवासात अडकलेलं गवत-काटक्या काढायला ते उघडतात, तेच तपासणीलाही पुरतं. आत पात्यांच्या पुढच्या कडांवरून हलक्या हाताने बोट फिरवावं. नवी कड नेमकी आणि सरळ लागते. वाळूने खाल्लेली कड गोलसर होते, खडी लागलेलीवर दाते पडतात आणि कुणी घरी कानस मारली असेल तर तीन पाती तीन तऱ्हेची निघतात. ही शेवटची गोष्ट सर्वांत वाईट, कारण असमान पाती शाफ्टला हादरे देतात आणि ते हादरे पुढे बेअरिंगांना भोगावे लागतात. मग फीलर गेज प्रत्येक पात्याच्या टोकाशी घालावं, शाफ्ट हाताने फिरवून पुन्हा घालावं. सगळीकडे सारखी वाढलेली फट म्हणजे सरळ झीज. एका बाजूला जास्त आणि समोर कमी असेल तर शाफ्ट खाली बसला आहे, म्हणजे मागचं रबरी बेअरिंग गेलं. रिंगवर उभे ओरखडे असणारच, पण नख अडकेल इतकी खोल चर दिसली तर एखादा गोटा आत फिरून गेलेला असतो. शेवटी पुढच्या थ्रस्ट बेअरिंगचं तेल किंवा ग्रीस चिंधीवर घ्यावं. ते दुधाळ दिसलं तर सील गळतं आहे आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं आहे.

जाळीच्या सळ्या वाकलेल्या आहेत का, एखादी तुटून गेली आहे का, हे तिथेच पडल्या पडल्या दिसतं. जाळीच्या पुढचा तळही न्याहाळावा. तिथे पोचा असेल, किंवा कुणी हौसेने मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर नेमका तिथे ठोकला असेल, तर बोट वेगात असताना हवेचे बुडबुडे पंपात शिरतात आणि पंप निरोगी असूनही फेरे उसळतात. दोष पंपाचा नसतो, पण पाण्यातल्या चाचणीत हा फरक कळायला मार्ग उरत नाही.

यावर पहिली हरकत येते ती तासांची. मीटर तीनशे तास दाखवतो, यंत्र अजून तरुण आहे, मग एवढी शंका का? तासांचा आकडा सरळ वाटतो म्हणून तो आवडतो. पण वाकाटिपूसारख्या खोल, स्वच्छ सरोवरातले तीनशे तास आणि रकायाच्या हिमनदीच्या गाळाने दुधी झालेल्या पाण्यातले तीनशे तास यांची तुलनाच होत नाही. पहिल्या बोटीचा पंप जवळपास नवा असू शकतो, दुसऱ्याची रिंग दोनदा बदलून झालेली असू शकते. शिवाय मोटारीचं इंजिन घेऊन बांधलेल्या नदीबोटींत मीटर कधी बसवला, कधी बदलला, इंजिन कितव्यांदा बदललं, याचा ताळमेळ कुणाकडेच नसतो. सगळ्यांत जास्त झीज तर वेगात होतही नाही. घोटाभर पाण्यात बोट ढकलून तिथेच इंजिन चालू करायची सवय पंपाला खाते, कारण तेव्हा पंप तळाची वाळूच उचलतो. गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या जेट-स्कीही याच तत्त्वावर चालतात, आणि उथळ वाळूत सुरू केल्या तर त्यांच्या पंपांचं वेगळं काही होत नाही. या सवयीची नोंद कुठल्याही मीटरवर होत नाही, ती पात्यांच्या कडेवर होते.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. पंपाची झीज ही ब्रेकच्या पॅडसारखी नेहमीची गोष्ट आहे, रिंग आणि बेअरिंग बदलता येतात, इंपेलर दुरुस्त होतो. इंजिन गेलं तर मात्र खिसा रिकामा होतो. मग जिथे मोठा खर्च, तिथे आधी पाहायला नको का? पैशांचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र नाही. पंपाची दुरुस्ती नेहमीची आहे म्हणूनच तिचा खर्च आधी काढता येतो आणि किमतीतून वजा करता येतो. झिजलेला पंप पाहून सौदा सोडायचं कारण नाही. पण तो पंप तसाच असताना इंजिनाबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष मात्र सोडून द्यायला हवा. कॉम्प्रेशन तपासून घेता येतं, आणि घ्यावंच. त्यातून रिंगा आणि व्हॉल्व्ह कळतात. पूर्ण भाराखाली इंधन पुरतं का, ठिणगी टिकते का, वीस मिनिटांनंतर तापमान कुठे जातं, हे कॉम्प्रेशनच्या आकड्यात येत नाही. ते फक्त भार दिल्यावर कळतं, आणि या बोटीत भार देणारा एकच, पंप.

इंजिन थंड ठेवायचं पाणीही बहुतेक वेळा पंपातूनच येतं. म्हणजे नदीतला बारीक गाळ इंजिनाच्या पाण्याच्या कप्प्यांत आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पोकळ भिंतींत जाऊन बसतो. पंपाच्या पात्यांवर वाळूच्या खुणा दिसल्या की तीच वाळू इंजिनाच्या पोटातही असणार हे गृहीत धरावं आणि पाणी सोडायचे प्लग उघडायला सांगावं. प्लग काढल्यावर पाणी न वाहता तारेने चिखल उकरावा लागला तर पुढचं बोलणं वेगळ्या किमतीला. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकचं नवं इंजिन असेल तर त्याला नदीचं पाणी थेट मिळतं की मध्ये हीट एक्स्चेंजर लावून बंद फेऱ्यातलं कूलंट फिरतं, हेही विचारावं. बोट कधी खाडीत किंवा समुद्रात गेली असेल आणि धुतली गेली नसेल, तर थेट पाण्यावर चालणारा ॲल्युमिनियमचा ब्लॉक आतून खाल्ला गेलेला असू शकतो. पंपातल्या जस्ताच्या त्यागी पट्ट्या संपून गेल्या असतील आणि पंपाच्या अंगावर पांढरी भुकटी दिसत असेल तर शंका आणखी बळावते.

अंगणात, ट्रेलरवर, बागेची नळी लावून इंजिन चालू करून दाखवणं हा विक्रीतला आवडता प्रयोग आहे. त्यातून स्टार्टर चालतो एवढं कळतं. नळीने इंजिनाला पाणी मिळतं, पण पंपातलं रबरी बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतं आणि कोरडं फिरलं की जळतं. म्हणून हा प्रयोग लांबवणारा विक्रेता आपल्याला इंजिन दाखवता दाखवता पंप खराब करत असतो. तपासणी पाण्यातच व्हायला हवी, आणि इंजिन सकाळपासून गरम करून ठेवलेलं नसावं. खोल, शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल, फेऱ्यांची नोंद, मग पंधरा-वीस मिनिटं त्याच वेगाच्या आसपास आणि तापमानावर डोळा. जोरात वळवताना तेलाचा दाब कोसळतो का पाहावं. बकेट अर्धी खाली आणून बोट एका जागी उभी राहते का, स्टिअरिंगला किती ढिलेपणा आहे, हेही तिथेच कळेल. थ्रॉटल सोडला की झोत जातो आणि झोताबरोबर वळवण्याची ताकदही जाते. नव्या मालकाने हे घेण्याआधीच एकदा अनुभवावं, ती बोटीची खोट नव्हे.

अमेरिकेतल्या सरोवरांवरची कौटुंबिक जेटबोट ही थोडी निराळी जात आहे. यामाहाने १९९६ मध्ये या बाजारात पाऊल टाकलं. तिच्या मोठ्या बोटींत दोन इंजिनं आणि दोन पंप असतात. तपासणाऱ्याला हा मोठाच फायदा आहे, कारण एक बाजू दुसरीची मोजपट्टी होते. दोन्ही थ्रॉटल पूर्ण दिल्यावर एका बाजूचे फेरे जास्त आले तर आधी त्या पंपाची फट आणि गवत पाहायचं, कमी आले तर त्या इंजिनाकडे वळायचं. सी-डूच्या जुन्या स्पोर्ट बोटी स्वस्तात दिसतात, पण कंपनीने त्या प्रकारच्या बोटी बनवणं २०१२ मध्ये थांबवलं, तेव्हा सुट्या भागांची चौकशी आधी करावी. काही मॉडेलांत सुपरचार्जर आहे, त्याची ठरावीक तासांनी दुरुस्ती झाल्याचं बिल मागावं.

पंप आधी पाहण्याच्या माझ्या आग्रहाला एक अपवाद मात्र मान्य करायला हवा, तो म्हणजे सांगाडा. फीलर गेजला त्यातलं काही कळत नाही आणि तिथला दोष कित्येकदा दुरुस्तीपलीकडचा असतो. नदीच्या ॲल्युमिनियम बोटीच्या तळाला पोचे असणारच, पोचे नसलेल्या तळावर नुकताच रंग फासला आहे का हे आधी पाहावं. पोचा चालतो, तडा चालत नाही. तडे बहुधा वेल्डिंगच्या शेजारी, तळाच्या उभ्या पट्ट्यांच्या टोकांना, तळ आणि बाजू मिळतात त्या कडेला आणि पंप बसवलेल्या चौकटीभोवती पडतात. बोटीत आतून बादलीभर पाणी ओतून तळ बाहेरून थेंब सोडतो का पाहणं हा जुना आणि भरवशाचा उपाय. फायबरग्लासच्या जुन्या बोटीत आतली लाकडं आणि मागची भिंत कुजलेली असू शकते. लाकडी मुठीने ठोकत जावं, टणक आवाज एकदम बोदा झाला की तिथे थांबावं. पंपाभोवतीची चौकट तडकलेली असेल तर इंजिन कितीही देखणं असो, मी तो सौदा करू नये असंच म्हणेन.

तज्ज्ञाला पैसे देऊन तपासून घ्यावं, स्वतः आडवं कशाला पडायचं, असंही कुणी म्हणेल. जरूर घ्यावं. पण मोटारीच्या मेकॅनिकला बोलावलं तर तो मोटारीचं इंजिन तपासून जाईल. जेट युनिट उघडून बसवणारा माणूस हवा, आणि त्यालाही आधी फट मोजायला सांगावं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं असलं तरी थोडंच आहे. न्यूझीलंडमध्ये हौशी बोटींना देशव्यापी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे मालकीचा पुरावा म्हणून दाखवायला विक्रेत्याकडे फार काही नसतं. बोटीवर कुणाचं कर्ज आहे का हे पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत शोधता येतं. न शोधता घेतली आणि कर्ज निघालं तर बोट उचलून नेली जाऊ शकते. ट्रेलरला रस्त्यावर आणायला वॉरंट ऑफ फिटनेस लागतं, आणि पाण्यात बुडणारी त्याची चाकांची बेअरिंगं व ब्रेक आधी गंजतात. व्यापाऱ्याकडून घेतलं तर १९९३ चा ग्राहक हमी कायदा पाठीशी असतो, खासगी व्यवहारात तो लागू होत नाही. तिथे आधार उरतो तो विक्रेत्याने केलेल्या खोट्या विधानाविरुद्ध दाद मागण्याचा, आणि तोंडी विधान सिद्ध करणं अवघड. म्हणून 'पंप गेल्या वर्षीच केला' हे वाक्य कागदावर घ्यावं आणि त्याबरोबर बिल मागावं, ज्यावर रिंग कधी बदलली आणि इंपेलर कुठल्या पिचचा बसवला हे लिहिलेलं असेल. पिच माहीत नसेल तर उत्पादकाच्या आलेखातली कुठली रेघ वाचायची ते कळत नाही, आणि पूर्ण थ्रॉटलला मिळालेल्या ४,२०० फेऱ्यांना काही अर्थच उरत नाही.